सोजिरांची बोली

परभणी,
शुक्रवार, ३ नोव्हेंबर १९४४

प्रिय मल्लू,

नमस्कार तुझ्या आप्पांना झरीत जाऊन करून आलो आहे, तुला नुसता रामराम.

लढाईवर तू गेलास आणि अब्रू गेली माझी. झालं असं की मागच्या आठवड्यात बहिणीला उतरवून घ्यायला इथल्या स्टेशनावर गेलो होतो. सोजिरांची एक खास गाडी पाणी घ्यायला थांबली. खिडकीतून एका गोऱ्याने डोकं बाहेर काढून मला काहीतरी विचारलं. मी, परभणीच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवणारा बन्सीधर मास्तर, पुढे झालो आणि तोंड उघडं टाकून उभा राहिलो. एक अक्षर कळलं असेल तर शपथ! त्याने दोनदा विचारलं, हसला, आणि गाडी सुटली. मी पुढे झालोच नसतो तर कुणी काही म्हणालं नसतं, पण हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची आपली सवय जुनी.

तेव्हा आता मैत्रीला जाग. तू रात्रंदिवस त्या लोकांत असतोस. ते आपसात बोलतात ते शब्द मला लिहून पाठव. पुस्तकातले नकोत, ते मला येतात. कोणता शब्द, अर्थ काय, कधी म्हणायचा, सगळं लिही. त्याचं एक छोटं पुस्तक करीन, इंग्रजी-उर्दू-मराठी असं तिन्हीत. आतल्या पानावर तुझं नाव बारीक अक्षरात छापीन.

घरची खबर गोड आहे. पालमचे कापडवाले धोंडप्पा येऊन गेले. त्यांची मुलगी उमादेवी तुला सांगून आली आहे. आप्पांनी होकार दिला. मुलगी चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि तुझ्यापेक्षा उजळ आहे, म्हणजे त्यात अवघड काही नाही. तुझी रजा तेवढी बाकी. दर शुक्रवारी मी झरीला तुमच्या घरी जातो तेव्हा काकू तुझी पत्रं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतात. मी मधलं गाळतो असा त्यांना अजून संशय आहे.

तुझा,
बन्सीधर


९ डिसेंबर १९४४

प्रिय बन्सी,

पत्र मिळालं. आमची पत्रं वाटेत उघडून वाचतात, म्हणून ठिकाण लिहीत नाही. डोंगर आहेत आणि चिखल आहे. मी लॉरीच्या तुकडीत सामानाचा कारकून आहे, हे तुला माहीत आहे. शेजारच्या तंबूत टर्नर नावाचा गोरा कॉर्पोरल असतो. त्याला विचारून लिहितो.

'चार' म्हणजे चहा. तुझ्या सोजिराने बहुतेक तोच मागितला असेल. 'डेको' म्हणजे नजर टाकणं, 'हॅव अ डेको' असं म्हणतात. हा आपल्याकडचा 'देखो' आहे. 'कुशी' म्हणजे आरामाचं काम. टर्नर म्हणतो हा शब्द 'खुशी'वरून आला. माझं काम कुशी आहे असं सगळे म्हणतात. 'ब्लायटी' म्हणजे त्यांचं घर, इंग्लंड. तो 'विलायती'वरून आला. 'ग्रब' म्हणजे जेवण. 'चम' म्हणजे दोस्त, पण अनोळखी माणसालाही म्हणतात.

'ब्राउन्ड ऑफ' हा शब्द दिवसातून पुष्कळदा ऐकू येतो. अर्थ कंटाळा आला असा लिही. पण तो आपल्या कंटाळ्यासारखा नाही. कंटाळलेला माणूस निदान जांभई देतो. ह्यात माणूस काम करतो, खातो, झोपतो, आणि कशातच काही वाटत नाही.

दोन महिन्यांमागे नदी ओलांडताना आमची एक लॉरी गेली. आत दोघे होते. मी दोरावर होतो. मी बरा आहे.

लग्नाची घाई करू नका. आप्पांना तसं सांग.

मल्लिकार्जुन


परभणी,
५ जानेवारी १९४५

प्रिय मल्लू,

तुझ्या पत्राने माझी गेलेली अब्रू व्याजासकट परत आली. सदर मुदर्रिस साहेबांना, म्हणजे आमच्या हेडमास्तरांना, 'ब्लायटी'ची गोष्ट सांगितली. हैदराबादचा माणूस, उर्दूचा अभिमानी. "म्हणजे आमचीच विलायत त्यांनी नेली आणि मोडून वापरली!" असं म्हणून इतके खूश झाले की चहा मागवला. मी म्हणालो, 'चार' म्हणा साहेब. वर्गात तर धमालच आहे. पोरं आता मला बघून 'हॅव अ डेको' म्हणतात. अजून शब्द पाठव. अगदी खालच्या पायरीचे असले तरी चालतील.

तू मात्र फार कोरडं लिहितोस रे. लॉरी गेली, आत दोघे होते, मी बरा आहे. बाजारातून काय आणलं हे सांगावं तसं. थंडी फार आहे का?

एक निरोप आहे, काकूंचा. मागच्या शुक्रवारी त्या तुळईखाली बसून दळण निवडत होत्या. मी पत्र वाचून घडी घातली तर म्हणाल्या, "बन्सी, त्यानं लिंगपूजा करून लिवायला बसलोय असं लिवलं न्हाई. दर बारीला पयलं तेच लिवतो." मी म्हटलं, काकू, हे पत्र मला आहे, शब्दांसाठी आहे. तर म्हणाल्या, "तुला लिवलेलं र्‍हाऊ दे. आमच्या कागदात बी न्हाई. दसऱ्यापासून न्हाई. इचार त्याला."

आता विचारतो. आमच्या घरी खंडोबा, त्याला भेटायचं तर आम्हाला त्याच्या दारात जावं लागतं. तुमचा देव तुमच्या गळ्यात, चांदीच्या डबीत. रोज तळहातावर घ्यायचा, पुजायचा, त्याला दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. लहानपणी माझ्या आईने दिलेली चिक्कीसुद्धा तू आधी छातीशी लावायचास आणि मग खायचास, आणि तोपर्यंत माझी संपलेली असायची. तेव्हा तिकडे पूजेला पाणी मिळत नसेल तर तसं लिही. काकूंना तेवढ्याने बरं वाटेल.

तुझा,
बन्सीधर


११ फेब्रुवारी १९४५

प्रिय बन्सी,

ह्या खेपेला मरणाचे शब्द पाठवतो. तेच जास्त आहेत.

'डाइड' असं कोणी म्हणत नाही. ते फक्त सरकारी कागदावर असतं. 'किक्ड द बकेट' म्हणजे बादलीला लाथ मारली. हा थट्टेचा आहे, आपल्या जवळच्या माणसाबद्दल म्हणत नाहीत. 'पॉप्ड ऑफ' हा आजाराने अंथरुणात गेलेल्यासाठी. 'गॉन वेस्ट' म्हणजे मावळतीला गेला. हा जुन्या लढाईतला आहे, वय झालेले सोजीर म्हणतात. 'बॉट इट' म्हणजे विकत घेतलं. हा लढाईतल्या मरणासाठी. काय विकत घेतलं असं मी टर्नरला विचारलं. तो म्हणाला, ते कोणी विचारत नाही.

टर्नरचा एक दोस्त पुढच्या तुकडीत होता. त्याची बातमी सकाळी आली. टर्नर म्हणाला, 'ही हॅज बॉट इट.' मग म्हणाला, चहात साखर कमी आहे. मी साखर दिली.

आपल्याकडेही 'मेला' असं तोंडावर कोणी म्हणत नाही. तुमच्यात देवाघरी गेले म्हणतात, आमच्यात लिंगैक्य झाले म्हणतात. पण आपण माणसाला कुठेतरी पोचवतो. हे लोक कुठेच पोचवत नाहीत.

शेवटचा शब्द 'हॅड इट'. 'ही हॅज हॅड इट' म्हणजे त्याचं संपलं. फुटलेल्या लॉरीलाही म्हणतात, फाटलेल्या बुटालाही. माणूस चालता-बोलता असला तरी म्हणतात. आणि ह्या सगळ्यांत हा एकच शब्द असा आहे की जो माणूस स्वतःबद्दल म्हणू शकतो. 'आय हॅव हॅड इट.' वापर नीट लिहून घे.

धोंडप्पांना सांग, दुसरं स्थळ बघा. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता लिहिता येत नाही.

मल्लिकार्जुन


परभणी,
२ मार्च १९४५

मल्लिकार्जुना,

'मल्लू' म्हणत नाही, कारण मी रागावलो आहे.

शब्द उत्तम आहेत, पण शब्दांच्या शेपटाला बांधून तू घरावर दगड टाकलास त्याचं काय? दुसरं स्थळ बघा! धोंडप्पा पालमहून दोनदा आले. कारण कळल्याशिवाय मी हलणार नाही म्हणतात. आणि कारण द्यायला आमच्याकडे आहे काय? सरळ लिही, घोडं कुठे पेंड खातंय. दवाखान्यातली कुणी नर्स वगैरे भेटली आहे का? मला सांगायला लाजू नकोस, मी तुझ्यासाठी आप्पांच्या शिव्या पूर्वीही खाल्ल्या आहेत. की काही दुखापत आहे आणि लपवतो आहेस? हातपाय जागेवर आहेत ना?

आप्पांचं म्हणणं वेगळंच. ते म्हणतात, "पलटनीत जाऊन पोरगं बाटलं. खाऊ नये ते खाल्लं असंल." गुळाच्या ढेपेवर हात आपटून म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक होतं त्याचीही भीड ठेवली नाही. तुला माहीत आहे, नेमाधर्माच्या बाबतीत त्यांच्याइतका कडक माणूस झरीत नाही. त्यांनी पाच माणसांत शब्द दिलेला आहे, आणि तो मोडायची पाळी तू त्यांच्यावर आणलीस.

काकूंनी मात्र नर्सचं विचारलं नाही आणि बाटण्याचंही विचारलं नाही. मी पत्र वाचून संपवलं. मग म्हणाल्या, "पोरगं जेवायलंय का, तेवढं इचार."

मी विचारतो. तू जेवतोस का? आणि ह्या वेळी शब्द पाठवू नकोस. शब्द पुरे झाले.

बन्सीधर


८ एप्रिल १९४५

प्रिय बन्सी,

जेवतो. तेच लिहायचं आहे.

नर्स नाही. हातपाय जागेवर आहेत. खाऊ नये ते खाल्लेलं नाही, डाळ-भात आणि बटाटे खातो.

नदीचं लिहिलं होतं. पाणी जोरात होतं. दोर धरून लॉऱ्या तराफ्यावरून पलीकडे नेत होतो. एक तराफा उलटला. मी दोरावर होतो, मला पाण्याने ओढलं, दोर माझ्या गळ्याशी आला आणि डबीचा शिवदोरा तुटला. डबी माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी हात घातला असता तर मिळाली असती. पण मग दोर सोडावा लागला असता. मी दोर सोडला नाही.

आत दोघे होते असं लिहिलं होतं. ते सापडले नाहीत.

तुला सगळं माहीत नाही म्हणून सांगतो. आमच्यात इष्टलिंग म्हणजे प्राण. ते गळ्यातून गेलं तर माणसानेही जायचं, असा जुना नेम आहे. आता कोणी तसं करत नाही म्हणतात, पण आप्पांनी मला लहानपणी तेच शिकवलं आहे. पेडगावचे आमचे एक नातलग होते, त्यांचं लिंग विहिरीत पडलं. ते सापडेपर्यंत त्यांनी तोंडात पाणी घेतलं नाही, थुंकीसुद्धा गिळली नाही. ती गोष्ट आप्पा अजून सांगतात. सांगताना उभे राहतात.

मी त्याच संध्याकाळी जेवलो. कुणी बळजबरी केली नाही. भूक लागली होती, ताट समोर आलं, सवयीने हात छातीकडे गेला, तिथे काही नव्हतं. मी जेवलो. टर्नरने विचारलं अजून हवं का. मी हो म्हणालो.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. वाईट वाटतं असं लिहिलं तर खोटं होईल. मी जिवाचं काही करून घेणार नाही, त्यालाही काही वाटावं लागतं. सकाळी उठतो, सामान मोजतो, जेवतो. जेवतो ते कुणाला न दाखवता, म्हणजे खड्ड्यात माती टाकावी तसं. ह्या हाताने आप्पांच्या पाया पडायचं आणि उमादेवीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधायचं, हे मला जमणार नाही. लढाई संपली की कलकत्त्याकडे रेल्वेत नोकरी बघीन. घरी येणार नाही. घरच्या हिशेबाने मी त्या नदीत गेलो, तार तेवढी आली नाही.

हे मराठीत कसं लिहावं हे मला कळत नव्हतं. आपल्याकडे जिवंत माणसाला हे म्हणायची सोय नाही. म्हणून तुला तो शब्द पाठवला होता.

आय हॅव हॅड इट, बन्सी.

घरी काय सांगायचं ते तू ठरव.

मल्लिकार्जुन


परभणी,
७ मे १९४५

मल्लू,

तुझं पत्र मी शाळेत वाचलं आणि वर्ग सोडून दिला. तुझे ते मरणाचे शब्द मी पोरांकडून मोठ्याने म्हणून घेतले होते. आम्ही हसलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. बाकीचं तुला तोंडावर सांगीन.

परवाच्या शुक्रवारी झरीला गेलो. फक्त आप्पांना सांगावं असं ठरवलं होतं. ते तागडीत गूळ टाकत होते. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी गूळ पुरता तोलला, गिऱ्हाइकाला दिला, आणि म्हणाले, "म्हंजी गेला." मग उठून एक एक फळी लावून दुकान बंद केलं आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसले. घोंगडीवर नाही, नुसत्या जमिनीवर. माणूस गेलेल्या घरात बसतात तसे.

मठाच्या अय्यांना मीच बोलावून आणलं. ते म्हणाले, दोष आहे, पण त्याला उपाय आहे, पुन्हा दीक्षा देता येते. मात्र माणूस समोर पाहिजे. आप्पा म्हणाले, "समूर कोण येणार? ज्यानं लिंग सोडलं आन् दोर धरला त्यो?" मी म्हटलं, काका, दोर सोडला असता तर तो मेला असता. ते म्हणाले, "मंग त्येच म्हणायलोय मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज दगडासारखा होता. त्यांच्यावर रागावता येईना.

काकू आतल्या दारात होत्या. सगळं ऐकलं होतं. मला म्हणाल्या, "त्यानं सोताच लिवलं का, मी मेलो म्हणून?" मी म्हटलं, इंग्रजीत तसा एक शब्द आहे, सोजीर लोक म्हणतात. त्या म्हणाल्या, "जिता माणूस असं म्हणतो? त्यांला काय आया न्हाईत का?"

मग त्या अय्यांच्या पुढे येऊन बसल्या. आजवर मी त्यांना आप्पांसमोर बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "अय्या, ह्यो पोटात व्हता तवा आठव्या म्हैन्यात तुमीच येऊन त्याचं लिंग माज्या दंडाला बांधलं. त्याला धरायला हात न्हवता म्हणून म्या धरलं. जल्मला तवा त्याच्या गळ्यात घातलं. खरं का न्हाई?"

अय्या म्हणाले, खरं.

"मंग आता बी माज्याच अंगावर बांधा. येईस्तोवर मी संभाळते."

आप्पा म्हणाले, "ते पोटातल्या लेकराचं असतंय. ह्यो मिशीवाला बाप्या हाय."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "तुमीच म्हणताव नदीत गेला. गेला आसंल तर आजून जल्मायचाच हाय की. आठवा म्हैना समजा."

अय्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले. मग म्हणाले, "शास्त्रात बसतंय का ते मला बघावं लागंल." काकू हलल्या नाहीत. अय्या म्हणाले, "बगून हुईस्तोवर बांधतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अय्यांनी नवं लिंग आणलं, विधी केला आणि काकूंच्या दंडाला बांधलं, तुझ्या नावाने. त्यांचं स्वतःचं गळ्यात आहे ते आहेच. आता रोज दोन पूजा करतात. आधी तुझी, मग त्यांची. ताट वाढलं की पहिला घास तुझ्या देवाला दाखवतात, मग आपल्या. दंडाला काच पडला आहे, मी म्हटलं दोरा सैल करा, तर म्हणाल्या, "घट बरा."

आप्पांनी शनिवारीही दुकानाची फळी काढली नाही. रविवारी दुकान उघडलं. मी तिथूनच छकड्यात बसत होतो तर बाहेर आले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "पलटनीतून सुट्टी कवा मिळती?" मी म्हटलं, विचारतो.

तेव्हा विचारतो आहे. धोंडप्पांना अजून काही सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग.

काकूंचा निरोप जसा आहे तसा लिहितो, गाळत नाही: "त्याला म्हणावं, तू जेव. मी हितं दावते देवाला. भुकेपोटी जेवलास त्यात पाप न्हाई. तुला जेवताना कुणी बघितलं न्हाई असं वाटतंय का? मी बगायलेय."

तुझा,
बन्सी


३ जून १९४५

प्रिय बन्सी,

पत्र टर्नरच्या तंबूत वाचलं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. टर्नर बाहेर जाऊन उभा राहिला.

तुझ्या पुस्तकासाठी एक शब्द आहे, 'वँगल'. सरळ मागून मिळत नाही ते ओळखीने, गोड बोलून, थोडं खोटं बोलून मिळवणं. टर्नरने साहेबाकडून माझी रजा वँगल केली. दिवाळीच्या आत निघेन. आप्पांना तारीख कळवीन, पण ते स्टेशनावर आले नाहीत तरी चालेल.

खालचं आईला वाचून दाखव. गाळू नकोस.

आई,

बन्सीने तुझा निरोप लिहिला. दोरा सैल करून घे. मी येऊन बघणार आहे, दंडाला वळ दिसला तर तुझं ऐकणार नाही.

इथे आमची जेवणाची वेळ ठरलेली नाही, कधी दुपार होते, कधी संध्याकाळ. तू माझं ताट किती वाजता वाढतेस ते बन्सीला सांग. मी त्याच वेळेला जेवायला बसेन.

मल्लू